शिधा पोचला, शिकण्याचं काय? साथीच्या काळातल्या अंगणवाडीवरचं संशोधन कसं वाचायचं

'पेट' झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि विषय 'कोविडचा बालशिक्षणावर परिणाम' असा काहीतरी घ्यायचाय, असं सांगणारे बरेच जण भेटतात. विषय चांगला आहे. पण त्यावरचे अहवाल आणि लेख वाचताना एक गफलत हमखास होते, आणि ती आपल्या सिनॉप्सिसमध्येही उतरते. आजचा लेख त्या गफलतीबद्दल आहे. उदाहरण म्हणून महाड आणि पोलादपूर हे रायगडच्या दक्षिणेकडचे, डोंगरातले दोन तालुके घेतलेत. का घेतले, ते पुढे कळेलच.

आधी एक साधा प्रश्न. मार्च 2020 नंतर अंगणवाडी चालू होती की बंद? सरकारी अहवाल वाचलात तर उत्तर मिळतं की सेवा चालू होती, शिधा घरपोच दिला जात होता. चार वर्षांच्या मुलाच्या आईला विचारलंत तर उत्तर येईल की बंद होती. गंमत अशी की दोघंही खरं बोलतात. दोघं 'अंगणवाडी' या एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. संशोधक म्हणून तुम्हाला यातली कुठली मोजायचीय हे आधी ठरवायला हवं, आणि नेमकं तेच बऱ्याच ठिकाणी ठरवलेलं नसतं.

सहा कामं, आणि त्यातलं एक

एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. तिच्यात सहा सेवा येतात: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-आहाराचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. साथ आल्यावर या सहाही सेवांवर ताण आला. पण बघा, यातल्या पाच सेवा वाकवता येतात. गरम आहाराऐवजी कोरडा शिधा देता येतो. लसीकरण थांबलं तरी नंतर भरून काढता येतं. तपासणी घरी जाऊन करता येते. मुलांना एकत्र बसवल्याशिवाय ज्याचं रूपच उरत नाही अशी सेवा एकच, ती म्हणजे शिक्षण. गाणी, गोष्टी, ठोकळे, रांगेत उभं राहणं, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं मागून घेणं, हे सगळं चार मुलं जमल्यावरच होतं.

त्यामुळे 'साथीच्या काळात अंगणवाडी सेवा इतके टक्के सुरू होत्या' असं वाक्य दिसलं की पहिला प्रश्न विचारा: सहापैकी कुठली सेवा?

जे कायद्यात आकड्यात आहे तेच मोजलं जातं

हे असं का झालं, तर अधिकाऱ्यांना लहान मुलांची कदर नव्हती म्हणून, असं उत्तर सोपं आहे. पण ते पुरेसं नाही. कारण कायद्याच्या रचनेत सापडतं.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीत साथीच्या काळात तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं असं स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे आहार दिला की नाही, किती दिला, हे मोजता येतं, आणि दिला नाही तर न्यायालयात जाता येतं. आता शिक्षणाचं बघा. राज्यघटनेतलं कलम 21-क शिक्षणाचा मूलभूत हक्क देतं, पण वय 6 ते 14. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी कलम 45 आहे. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीनंतर ते सांगतं की राज्यानं बालसंगोपन आणि शिक्षण पुरवण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न करावा! शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 11 सुद्धा शासन पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करू शकेल, एवढंच म्हणतं.

13 जानेवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं, प्रतिबंधित क्षेत्रं सोडून इतरत्र अंगणवाड्या उघडण्याबाबत राज्यांनी 31 जानेवारीपर्यंत निर्णय घ्यावा, असा आदेश दिला. तो महत्त्वाचाच होता. पण त्याचाही पाया अन्न सुरक्षा कायदाच होता, म्हणजे पोषण. मुलं शिकायची थांबली म्हणून न्यायालयात उभं राहायला कायद्यानं जागाच ठेवलेली नाही.

ही साखळी लक्षात ठेवा. कायद्यात आकडा आहारालाच. म्हणून आणीबाणीत आधी धावपळ आहाराची. म्हणून अहवालात आकडे आहाराचे. मासिक अहवालात एरवी पूर्वप्राथमिकची हजेरी असते खरी, पण हजेरी म्हणजे केंद्रात आलेली मुलं. केंद्रच बंद असेल तर ती हजेरी काय सांगणार? एखाद्या सेविकेनं शिधा देताना दारात उभं राहून मुलाला गोष्ट सांगितली असेल, तर ती हजेरीत कशी येणार? आणि मग संशोधक येतो, उपलब्ध डेटा घेतो आणि त्याच आंधळ्या जागेसह प्रबंध लिहितो.

मोठ्या पाहण्यांत आपली मुलं कुठे आहेत?

'असर 2020' घ्या. साथीच्या पहिल्या वर्षात ग्रामीण भारतात घरी काय चाललंय याचं चित्र देणारी ही पाहणी, सप्टेंबर 2020 मध्ये फोनवरून झालेली. काम मोठं आहे आणि आपल्या मर्यादा लपवत नाही, म्हणून मला ती आवडते. पण वाचताना तीन गोष्टी बघा. एक, वयोगट 5 ते 16. म्हणजे अंगणवाडीतली तीन आणि चार वर्षांची मुलं त्यात नाहीतच. दोन, नमुना 2018 च्या असरमध्ये फोन नंबर मिळालेल्या घरांतून घेतलेला. ज्यांच्याकडे फोन नाही ते आपोआप बाहेर. तीन, तिनं शिकण्याची पातळी मोजली नाही, साहित्य पोचलं का ते मोजलं. पाहणीच्या आठवड्यात साधारण एकतृतीयांश मुलांना शाळेकडून काहीतरी साहित्य मिळालं, हा तिचा निष्कर्ष पोचण्याबद्दलचा आहे. तो 'एकतृतीयांश मुलं शिकत होती' असा उद्धृत केलात तर चूक तुमची, असरची नाही.

त्याच पाहणीतला एक लोकप्रिय आकडा: स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या मुलांचं प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होतं, ते 2020 मध्ये 61.8 टक्के झालं. हा आकडा ऑनलाइन शिक्षणाच्या बाजूनं फार वापरला जातो. पण फोन घरात असणं आणि मुलाच्या हातात असणं यात फरक आहे. महाडच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या बापाचा फोन त्याच्याबरोबर कंपनीत जातो. पोलादपूरच्या खोऱ्यातल्या वाड्यांत फोन असतो पण रेंजसाठी टेपावर जावं लागतं. तिथे चार वर्षांच्या मुलाला व्हिडिओ दाखवायला कोण जाणार?

राज्याच्या महिला व बाल विकास विभागानं 2020 मध्ये 'तरंग सुपोषित महाराष्ट्राचा' हा उपक्रम आणला. फोन केला की ध्वनिमुद्रित माहिती, व्हॉट्सॲपवर चॅटबॉट, अशी रचना. त्या दिवसांत काहीतरी तातडीनं उभं करणं भाग होतं, त्यामुळे उपक्रमाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. टीका आहे ती अशा उपक्रमांचं यश मोजण्याच्या पद्धतीवर. किती जणांनी फोन केला, किती संदेश गेले, हा पुरवठ्याचा आकडा. पालकानं त्यानंतर मुलाशी काही वेगळं केलं का, हा दुसरा प्रश्न. मुलाच्या भाषेत, खेळात फरक पडला का, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर तिसऱ्याच्या जागी लिहिलेलं आढळलं तर पेन्सिलनं खूण करून ठेवा.

आणि ही गफलत तर मी परिसंवादांतसुद्धा ऐकलीय: 'राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 (2019-21) नुसार कोविडमुळे महाराष्ट्रातल्या मुलांचं…' थांबा. मुखपृष्ठावर 2019-21 लिहिलंय ते देशासाठी. महाराष्ट्रातलं क्षेत्रकाम 20 जून ते 30 डिसेंबर 2019 या काळात झालं. म्हणजे महाराष्ट्राचे हे आकडे साथीच्या आधीचे आहेत. कोविडचा परिणाम त्यातून दाखवता येणार नाही. उलट ते तुमची बेसलाइन म्हणून कामाला येतील, आणि ते जास्त मोलाचं आहे. फक्त जिल्ह्याच्या खाली जाऊ नका. रायगडात 15 तालुके आहेत. पनवेल-उरणची सरासरी पोलादपूरला लावली की हाती काहीच लागत नाही.

महाड-पोलादपूरमध्ये 'आधी' आणि 'नंतर' म्हणजे नक्की केव्हा?

आता हेच दोन तालुके का, ते सांगतो. समजा तुम्ही ठरवलंत की 2019 ची आणि 2022 ची मुलं तपासायची, फरक काढायचा आणि त्याला 'कोविडचा परिणाम' म्हणायचं. इथे काय होईल?

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, आणि जिल्ह्याच्या मोठ्या भागात वीज आणि मोबाईल दोन्ही गेले. 24 ऑगस्ट 2020 ला महाड शहरात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 जण गेले. मग 22 जुलै 2021. सावित्री आणि गांधारीच्या पुरानं महाड शहर बुडालं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरडी आल्या. पाणी ओसरल्यावर चिखल, लेप्टोची भीती, आणि त्यात कोविड चालूच. तळियेची वाचलेली कुटुंबं पुढे बराच काळ तात्पुरत्या कंटेनर घरांत राहिली.

अशा ठिकाणी 2019 आणि 2022 मधला फरक कोविडचा, वादळाचा, पुराचा की बापाची नोकरी गेल्याचा, हे साध्या वजाबाकीतून कळणं अशक्य आहे. याला आपण कन्फाउंडिंग म्हणतो. पुस्तकात ते दोन गोल काढून शिकवतात, महाडला ते कमरेभर पाण्यात उभं होतं.

दुसरी अडचण छेदाची, म्हणजे भागाकारात खाली कोण याची. या दोन तालुक्यांतल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला कामाला आहेत. टाळेबंदीत चाकरमानी बायकामुलांसह गावी आले. त्यामुळे 2020-21 मध्ये वाडीत दिसणारी मुलं आणि अंगणवाडीच्या पटावरची मुलं एक नव्हती. उलट बाजूला कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत सर्वेक्षण केलंत तर ज्या मुलांना अंगणवाडीची सगळ्यात जास्त गरज आहे तीच तुमच्या नमुन्यात नसतील, आणि निष्कर्ष मात्र छान येतील.

तिसरी अडचण कागदाची. पुरात सखल भागातली रजिस्टरं भिजली असतील तर तुमच्याकडे उरेल तो उंचावरच्या वस्त्यांचा डेटा. गहाळ झालेली माहिती इथे योगायोगानं गहाळ नाही, जिथे नुकसान जास्त तिथेच ती नाही. हे लिहून न ठेवता केलेलं विश्लेषण सॉफ्टवेअरमधून कितीही सुबक निघालं तरी ते उंचावरच्या घरांचं विश्लेषण असतं.

मग चांगलं काम कसं दिसतं?

तमिळनाडूतली दोन कामं वाचाच. पहिलं अभिजीत सिंग, मौरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांचं. त्यांच्याकडे ग्रामीण तमिळनाडूतल्या सुमारे 19,000 मुलांचा पॅनेल होता, आणि मुख्य म्हणजे 2019 चं मोजमाप होतं. डिसेंबर 2021 मध्ये त्यांनी पुन्हा घरी जाऊन तपासलं. त्याच वयाच्या आधीच्या मुलांच्या तुलनेत गणितात साधारण 0.7 आणि भाषेत 0.34 प्रमाण विचलनाची घट दिसली. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत त्यातली दोनतृतीयांश भरून निघाली. यातलं पहिलं वाक्य सगळे उद्धृत करतात, दुसरं कमी जण करतात. दोन्ही वाचा.

दुसरं आलेहांद्रो गानिमियान, मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांचं. 640 अंगणवाड्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या ठिकाणी, फक्त बालशिक्षणासाठी अर्धवेळ जादा सेविका दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षानं, पटावर टिकलेल्या मुलांत, गणितात 0.29 आणि भाषेत 0.46 प्रमाण विचलनाची वाढ दिसली. कुपोषणही कमी झालं. कारण मूळ सेविकेला पोषणाच्या कामाला वेळ मिळाला.

हा प्रयोग साथीच्या आधीचा, शांत काळातला. तो जसाच्या तसा आणीबाणीला लावता येणार नाही. पण तो एक गोष्ट दाखवतो: अंगणवाडीत अपुरा पडतो तो सेविकेचा वेळ. आता हे आपल्याकडे आणून बघा. 150 ते 300-400 वस्तीच्या वाडीसाठी त्या काळात मिनी अंगणवाडीची तरतूद होती, आणि तिथे मदतनीस नसायची. सगळं एकटी सेविका बघायची. साथीत तिच्याकडे शिधावाटप होतंच, वर घरोघरचं सर्वेक्षण आलं, 15 सप्टेंबर 2020 पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं. मार्च 2021 मध्ये पोषण ट्रॅकर आला, ज्याच्या इंग्रजीमुळे वैतागून ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. हा सगळा वेळ कुठून आला? ज्या कामाला कायद्यात आकडा नव्हता, त्यातून. केंद्रं बंद असल्यामुळे ते कुणाच्या नजरेलाही आलं नाही.

'जीव आधी, शिक्षण नंतर'

इथे तुम्ही म्हणाल, आणि व्हायव्हाला परीक्षकही म्हणतील, की माणसं मरत असताना चार वर्षांच्या मुलाच्या बडबडगीतांचं काय घेऊन बसलात? हा आक्षेप हलका नाही. शिधा आधी, यात वादच नाही. पण दोन उत्तरं आहेत.

एक, बालशिक्षण म्हणजे पाटीवर अ-आ गिरवणं असं धरलं तरच ते नंतरचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँकेनं 2018 मध्ये मांडलेल्या चौकटीत बाळाच्या वाढीचे पाच घटक आहेत: आरोग्य, आहार, प्रतिसाद देणारं संगोपन, सुरक्षितता आणि शिकण्याची संधी. दरडीत घर गेलेल्या मुलासाठी रोज ठरलेल्या वेळी, ओळखीच्या बाईंबरोबर खेळायला मिळणं ही त्या क्षणीचीच गरज असते.

दोन, 'नंतर' येतच नाही. मार्च 2020 मध्ये चार वर्षांचं असलेलं मूल जून 2022 मध्ये पहिलीत बसलं. राज्यानं त्या वर्षी शाळापूर्व तयारीचे मेळावे आणि माता गट घेतले ते चांगलंच झालं. पण संशोधक म्हणून तिथेही सावध राहा. एप्रिलच्या मेळाव्यापेक्षा जूनच्या मेळाव्यात मूल पुढे दिसलं, तर त्यात कार्यक्रम किती आणि दोन महिन्यांनी वाढलेलं वय किती? तुलनेचा गट नसेल तर सांगता येणार नाही.

'अंगणवाडी' या कल्पनेचं मूळ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामात आहे. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची युक्ती. म्हणजे इमारत बंद झाली तर काय करायचं याचं उत्तर आपल्याकडे 1940 च्या दशकापासून होतं. 2020 मध्ये अंगणात शिधा गेला. त्याच्याबरोबर आठवड्यातून दोनदा, चार मुलांपुरती, उघड्यावरची बालवाडी का गेली नाही? तिथे कोण जाणार होतं, कुठल्या वेळात, कुठल्या मानधनात? माझ्या मते सिनॉप्सिसला लायक प्रश्न हा आहे.

तर विषय घ्या, जरूर घ्या. फक्त लिहायला बसण्याआधी चार ओळींची उत्तरं वहीत लिहून काढा. मी सहापैकी कुठली सेवा मोजतोय? माझ्या डेटात तीन ते पाच वर्षांचं मूल प्रत्यक्ष आहे का? क्षेत्रकामाच्या तारखा कुठल्या, आणि त्या वेळी गावात कोण नव्हतं? आणि सेविकेचा दिवस तासांत मांडलाय का? शेवटच्याचं उत्तर कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. त्यासाठी पोलादपूरची एसटी पकडून, एका सेविकेबरोबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालावं लागेल. पुढची साथ किंवा पुढचा पूर यायच्या आत हे तासांचं मोजमाप कुणाकडे तरी असायला हवं. ते तुमच्याकडे असलं, तर पुढच्या वेळी 'सेवा चालू होती' या वाक्याला निदान एक उलट प्रश्न विचारता येईल.